तीन सेकंद

भोसरीच्या टी ब्लॉकमध्ये, शेडच्या पोटमाळ्यावर
मी खडे मोजते.
बेचाळीस हजार सातशे, त्रिकोणी, सिरॅमिकचे.
प्रत्येकाला वजन, घर्षण, उसळी
आणि एक क्रमांक,
ज्यानं त्याला कधी कुणी हाक मारणार नाही.

खाली खरा बाऊल थरथरतो.
माझ्या चहात त्याची वर्तुळं उमटतात.
पडद्यावरचा बाऊल मुका,
आणि कोरडा. साबणाचं पाणी मी धरलेलंच नाही.
पाणी धरलं तर हिशेब दिवाळीपर्यंत चालेल, म्हटलं,
तर चांदोरकर साहेब म्हणाले, मग कोरडंच दाखवा.

रात्री साडेनऊला गणित लावून निघते.
नाशिक फाट्याच्या सिग्नलला थांबते तेव्हा
तिकडे खडे जेमतेम
सेकंदाचा चाळिसावा हिस्सा सरकलेले असतात.
जेवते, झोपते, पोराचा डबा भरते.
एकोणीस तासांनी हाती येतात
तीन सेकंद.

त्यात रंग फिरतात.
लाल, जिथे खडा गिअरच्या दातावर रेटून घासतो.
निळा, जिथे अंग चोरून निघून जातो.
मधल्या खुंटाजवळ एक निळा पट्टा दिसला:
तिथे गेलेला गिअर रेंगाळतो,
बर तशीच राहते दाताच्या कडेला,
नखात कुसळ राहावं तशी.

लॅपटॉप छातीशी धरून जिना उतरले.
बाबालाल मुलाणींनी हात पुसले, पडदा पाहिला,
माझ्यापेक्षा जास्त वेळ पाहिला.
"निळं बरोबर हाय. जागा चुकली.
वीतभर अलीकडं."
आणि चालत्या बाऊलमध्ये कोपरापर्यंत हात घातला.
ओळखीच्या माणसाला गुरं वाट देतात
तसे खडे मनगटाला वळसा घालून गेले.

"तुमच्या खड्यास्नी अजून कोपरं हायती, मॅडम."
मूठ उघडली.
तीन आठवडे फिरलेले त्रिकोण,
चोखून टाकलेल्या बोराच्या बियांसारखे.
मी त्यांना रोज रात्री नवे कोरे करून सोडत होते,
कॅटलॉगात होते तसे.

गेटवरचं हजेरीचं यंत्र मुलाणींचा अंगठा घेत नाही.
बोटांवर रेघ म्हणून उरलेली नाही.
पाचदा लावतात. सहाव्यांदा थोपटे वॉचमन
वहीत लिहितो: मुलाणी, हजर.
आधारवाल्यांनी नेहरूनगरातून दोनदा परत पाठवलं.
"माझीच बर निघाली," म्हणतात, आणि स्वतःच हसतात.

माझ्याकडे झिजेचे गुणांक आहेत:
खड्यासाठी, गिअरसाठी,
बाऊलच्या आतल्या रबरी अस्तरासाठीसुद्धा.
आणखी एक ओळ वाढवून पाहिली त्या रात्री.
नाव काय द्यावं कळेना. खोडली.

मग दोनशे खडे मागून आणले,
कॅलिपर लावून एकेकाचा कोपरा मोजला,
किती गेला, किती उरला.
गणित पुन्हा लावलं.
एकोणीसचे सव्वीस तास झाले.

निळा पट्टा सरकला.
अलीकडेच सरकला, पण चार बोटं.
वीत म्हणजे बारा बोटं;
उरलेली आठ कुठे गेली, शोधतेय.
पाण्यात असतील. कंपनांच्या कोनात असतील.

मुलाणींना सांगितलं तर
खोऱ्यानं खडे ओढता ओढता थांबले.
म्हणाले, "पण मोजताना
वीत कुणाची धरली?
तुमची का माझी?"