पहिल्या महिन्यात काय शिकवतात

सोमवारी शाळा.
आज शुक्रवार, आणि माझी बोटं अजून
हेझलनटच्या हिरव्या सालीनं काळी.
लिंबू झालं, मीठ झालं, भांड्यांची पावडर झाली,
अंगठ्याच्या रेषांतलं काही केल्या हलत नाही.
"जाईल आपोआप," आई म्हणते, "परवा-तेरवा."
आईचं परवा-तेरवा
कुठल्याच कॅलेंडरात सापडत नाही.

आमचं गाव ओर्दूच्या वरच्या अंगाला, अशा उतारावर
की हातून निसटलेला दाणा
थेट काळ्या समुद्रात जाऊन थांबतो.
असं बाबा सांगतात. बाबा बरंच काही सांगतात.
गणवेशाचा स्कर्ट घोट्यापर्यंत आला तेव्हा
दुकानदाराबरोबर तेही म्हणाले, वाढेल की पोर.
मी दोन वर्षं एवढीच आहे.
ते पैसे मोजत होते, मी मनात पोती मोजत होते:
स्कर्टाचं अर्धं पोतं, बुटांचं एक,
दप्तर
दप्तर जुनंच बरं आहे.

फोटो सहा लागतात.
फोटोवाल्यानं हनुवटी धरून मला सरळ केलं.
सहाही फोटोंत मी
गॅस चालू ठेवून आल्यासारखी दिसते.

नाझलीजानला सामसुनची शाळा मिळाली.
आठ वर्षं एक बाक. ती डावखुरी, बसायची माझ्या उजवीकडे,
लिहिताना कोपराला कोपर लागायचं
आणि दर तासाला एक भांडण.
निकालाच्या रात्री मी तिला लिहिलं, अभिनंदन.
मग पुसलं. मग परत लिहिलं, उद्गारचिन्हासकट.
आता माझं कोपर मोकळं. पसरावं हवं तेवढं.

ओढ्याकाठी तंबू आहेत, उर्फाहून आलेल्या मजुरांचे.
त्यांतली बेरफिन माझ्याएवढीच,
पण माझं एक पोतं भरेस्तोवर तिची दोन होतात,
आणि वर ती मला हसते.
काल दुपारी वाळवणाशेजारी बसून
मी वह्यांना निळं प्लॅस्टिक चढवत होते.
ती आली, न विचारता टेप हातात घेतली,
दातांनी तोडून एकेक तुकडा देत राहिली.

"पहिल्या महिन्यात काय शिकवतात?"
"काही नाही गं. पुस्तकं वाटतात. फळ्यावर वेळापत्रक.
रोज सकाळी नावं घेतात."
"माझंही घेत असतील?"
"घेत असतील."
"मग?"
"मग काय. थोडं थांबतात. मग पुढचं नाव."

तिनं टेपचा तुकडा तोडला.
इथून ते कोन्याकडे जाणार, बीट काढायला,
शाळेत पोचेपर्यंत नोव्हेंबर.
"किती थांबतात?" तिनं विचारलं.
मला खरंच आठवेना.
आठ वर्षं रोज ऐकलंय, "इथे, इथे, इथे",
मधल्या गप्पपणाकडे कधी लक्षच गेलं नव्हतं.
मी म्हटलं, "एक श्वास असेल."
तिनं एक श्वास घेतला. सोडला.
"म्हणजे बरंच," म्हणाली.

तेवढ्यात डोंगरावरून धुकं उतरलं, आई ओरडली,
ताडपत्री, ताडपत्री!
आणि आम्ही दोघी धावलो, चार कोपरे धरले,
तिचा भाऊ दगड आणायला गेला तो आलाच नाही,
आम्हीच बसलो ताडपत्रीच्या कडांवर वजन म्हणून,
ओल्या, हसत,
अगदी उगाच हसत.

आज घड्याळाचा गजर लावून पाहिला.
पहिली मिनीबस सहा चाळीसला.
महिनाभर पाचला उठतेय, तरी भीती अशी
की नेमकी सोमवारीच झोप लागेल.

वह्या रचताना दिसलं:
गणिताच्या वहीवर, टेपच्या आत,
एक काळा ठसा, रेषा न् रेषा स्पष्ट.
माझा अंगठा लावून पाहिला. माझा नाही.
टेप काढली तर प्लॅस्टिक फाटेल.
राहू दे.

नावाची चौकट अजून कोरीच आहे.
प्लॅस्टिकवर पेन चालत नाही,
मार्कर लागेल,
उद्या खाली दुकान उघडं असलं तर.