आखूड आस

गार्दोनेत सकाळचा भोंगा होतो
तेव्हा मेल्ला नदीवर अजून धुकं असतं
आणि माझ्या बाकावर
काल न बसलेली एक नळी.

नवं रिव्हॉल्व्हर, जुन्या तोंडवळ्याचं.
चक्रीवर कोरलेली गलबतांची लढाई
शिडांसकट, दोरखंडांसकट बरोबर.
पितळ बरोबर, अक्रोडाची मूठ बरोबर,
घोडा मागे ओढताना येणारी कुरकुरसुद्धा.
आस तेवढा आखूड.
नखाच्या जाडीइतका.

नेब्रास्काहून कुणा गिऱ्हाइकाचं पत्र आहे:
पाचर ठोकली की चक्री अडते,
सैल सोडली की नळी डुलते,
बाई, यातलं तुमचं खरं माप कुठलं?

गुरुवारी बोर्तोलो येतो, कॉफीच्या निमित्तानं.
चाचणीघरात तीस वर्षं काढून दोन्ही कान गेलेत त्याचे.
तो नळी जबड्याच्या हाडाला लावतो,
डोळे मिटून चक्री फिरवतो, दातांनी ऐकतो.
"नक्कल करणाऱ्यांनी," तो मोठ्यानं म्हणतो,
(त्याला वाटतं आम्हीही बहिरेच)
"उजेड पोचला तेवढीच नक्कल केली.
भोकाच्या तळाशी कोण बघायला गेलं?"

आणि माझी कॉफी पिऊन जातो.

मग मी पोलादाची चकती कापते,
डाळीएवढी.
मेणबत्तीवर काजळी धरते,
भोकात सोडते, नळी चढवते, उतरवते,
कुठं चमकलं ते बघते. कानस.
पुन्हा काजळी. पुन्हा कानस.
अकराव्या खेपेला जरा जास्तच घासलं गेलं,
ती चकती फेकली, दुसरी घेतली.

दुपारी कधीतरी
आसाचं टोक तळाला टेकतं.
आवाज होत नाही.
पाचर अंगठ्यानं आत जाते,
हातोडी खुंटीवरच राहते,
आणि चक्री नि नळी यांच्यामधली फट
पाचर कितीही दाबा, तेवढीच.
सिगारेटचा कागद जाईल एवढी.

तपासणीच्या तक्त्यात याला रकाना नाही.
रंग, कोरीवकाम, मूठ: ठीक, ठीक, ठीक.
सही: लोरेन्झा झुबानी.
वेळ जास्त का लागला, याला मात्र रकाना आहे.
तिथं मी लिहिते: धुकं.

ट्रेमध्ये अजून एकोणचाळीस.
नेब्रास्काच्या माणसाला काय कळवू?
पाकिटात एक चकती घातलीय,
थोडी जाडच ठेवलीय मुद्दाम.
घासायचं तुमचं तुम्ही.