मस्कतला खंडेनवमी

खल्फान अरबाबांची पहिली ताकीद:
चमकवायचं नाही काही.
गंज जिवंत असेल तर थांबव,
मेलेला असेल तर राहू दे त्याच्या जागी.

मी कुडाळचा. आमच्याकडे
समई चिंचेनं घासतात
कालची वात विसरेपर्यंत.

बारा वर्षांत बोटांना कळलं:
नळीवरचा निळा कुठे विरलाय,
अक्रोडाच्या मुठीवर कुणाचा अंगठा
इतका टेकला की लाकूड खोलगट झालं.
मत्र्याचा वारा खारा, काचेतूनही येतो.
हातमोजे, तेलाचा एक थेंब,
ओलाव्याचा काटा पंचेचाळीसवर.

एकाचा घोडा मोडका.
दुबईत मिळतो, हुबेहूब.
अरबाब म्हणाले, नको.
मोडला म्हणून कुणी वाचलंही असेल.

आज पिंजरीची पुडी खिशात होती.
चक्र उघडून पाहिलं, सवयीनं:
सहाही घरं रिकामी.
बोट पुढे गेलं
आणि थांबलं.
मूळ स्थितीत पिंजर नव्हती.

मग टिळा लावला
माझ्याच स्क्रूड्रायव्हरला,
तेलाच्या बाटलीला,
त्या काट्याला.

अरबाब दारात उभे होते, किती वेळ कोण जाणे.
चष्मा वर करून त्यांनी जवळून पाहिलं, विचारलं,
हे पुसायचं,
की राहू द्यायचं?