पाचव्या मिनिटाला

दोन नंबरच्या खोलीत मी दिवे घालवते.
राजमल्लू दिकोंडा उभ्या टेबलाला पाठ लावून,
हातात बेरियमचा पांढरा पेला.
मागच्या खेपेला विचारलं होतं, चव कशी आहे?
"खळीसारखी," म्हणाले. "सुताला लावतो ती."
चाळीस वर्षं साखर पेठेत जकार्डची कार्डं ठोकलेला माणूस.
त्याला खळ पिताना काय वाटतं,
फॉर्मवर तेवढी जागा नसते.

पाऊण मिनिटात संपवायचं. घड्याळ माझ्याकडे.
एक मिनिट. श्वास धरा.
दोन. धरा.
मग पाचापर्यंत आम्ही तिघं नुसते थांबतो:
मी, ते, आणि काचेपलीकडे भूदेवी,
तिच्या ओठांवर एकच तेलुगू शब्द,
"दिगिंदा?"
उतरलं का.
घरी घासाघासाला विचारते म्हणे.
आता नातही विचारते, बाहुलीला भरवताना.

अन्ननलिकेत फुगा घालून वाट रुंद केली,
त्याआधीचा फोटो मला आठवतो.
वर तट्ट फुगलेली नळी, खाली निमुळती.
डॉक्टर म्हणाले, पक्ष्याची चोच.
राजमल्लू वाकून बघत राहिले.
"चोच कसली हो. गाठ आहे.
धागा तुटला नाही, अडलाय."
पाचव्या मिनिटाला चौदा सेंटिमीटर.
तेव्हा कडक भाकरी पाण्यात मोडून
उभ्यानं खायचे, भिंतीकडे तोंड करून.

आज आत येण्याआधी डॉक्टरांनी विचारलं, कसं वाटतंय?
"झकास. भाकरी, शेंगाचटणी, सगळं जातंय."
भूदेवी छताच्या पंख्याकडे बघत होती.

पाच मिनिटं.
मी पडद्यावर मोजते.
नऊ.
चौदातले पाच उतरले म्हणायचं
की नऊ राहिले म्हणायचं,
ते वर ठरतं, ओपीडीत. मी आकडा लिहिते.

शर्टाची बटणं लावत ते बाहेर येतात,
कपाळावरचा चष्मा खाली ओढतात,
नक्षीचा ग्राफ वाचावा तसं बोट फिरवतात
चौकटीवरून चौकटीवर.
"इथपर्यंत आहे अजून."
मग, कुणाकडेच न बघता,
"एवढा खर्च केला पोरानं.
बरं वाटायला नको?"

भूदेवी बाटलीचं झाकण उघडून देते.
ते पितात. आम्ही दोघी त्यांच्या गळ्याकडे बघतो,
यंत्र बंद असतानाही.
मी पुढचं नाव पुकारते.

दार लोटता लोटता ऐकू येतं,
"दिगिंदा?"
आणि बऱ्याच वेळानं,
"कोंचेम."
थोडं.