बिनबुडाची टोपली

आमच्या बेटावर माती नाही.
आहे ती पोवळ्यांची भुकटी, पांढरी, करकरीत,
दळलेल्या दातांसारखी पायाखाली वाजणारी.
नकाशातली एक रेघ. रेघेच्या अल्याड लगून, पल्याड भरसमुद्र,
मधे आमचं घर,
घरामागे खड्डा.

कुणी खणला, ठाऊक नाही. पुरुषभर खोल.
तळाशी गोडं पाणी, खाऱ्या पाण्यावर सायीसारखं धरलेलं.
फार ढवळलं तर गेलंच.
त्यात उभी असते बबाई,
अळूची थोरली बहीण, पान छत्रीएवढं,
आणि तिच्या गळ्याभोवती टोपली,
केवड्याच्या पातीची, बिनबुडाची.
वरून आपण भरायचं, खालून मुळांनी ओढायचं.
बूड असतं तर बिचारीनं खाल्लं काय असतं?

सासरे माझे, तेवेया.
मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात म्हणाले,
"चटया विण, मासे खारव. खड्ड्याचं मी बघेन."
इथे प्रत्येक घराची भर वेगळी,
आणि ती कुणी सांगत नाही,
शेजाऱ्याला नाही, सुनेला तर नाहीच नाही.
मी चटई विणता विणता मोजायचे:
उरीची पानं, उन्हात मलूल करून, हातानं चुरलेली.
कौराची पिवळी फुलं.
नीरफणसाचा कुजका पाला.
झाडाखालची काळसर रेती, दोनदा चाळून.
मग ते माझ्याकडे पाठ करायचे.
आणि पाठीआड पाचवं काहीतरी पडायचं.
खर्रर्र. जरासंच.

एकवीस वर्षं मी ती पाठ पाहिली.

गेले ते एका दुपारी,
कुणाला काही न सांगता, म्हणजे नेहमीसारखेच.
पुढच्या साली बबाई पिवळी पडली.
शिरा तेवढ्या हिरव्या, मधलं सारं फिकट,
तापातून उठलेल्या पोराच्या डोळ्यांखाली असतं तसं.
मी उरी घातली, कौरा घातला. दुप्पट. मग तिप्पट.
रोतिया म्हणाला, "झाडाला कळतं, तू बाबा नाहीस."
"बाबांचा तूच ना मुलगा? मग सांग."
तो जाळं घेऊन निघून गेला.

शेवटी सगळ्यांत जुन्या झाडाची टोपली मी उसवली.
पाण्यात मांडीभर उभी राहून, बोटांनी, थरामागून थर.
वरची पानं अजून पानंच होती.
त्याखालची आपण कोण ते विसरत चाललेली.
आणखी खाली काळं, लुसलुशीत,
हुंगलं तर पावसाआधीच्या विहिरीचा वास.
जन्मात पहिल्यांदा माझ्या नखांत माती होती.
आणि त्या काळ्यात तांबडे कपचे.
चुरगाळले तर बोटं लाल.

गंज.

रांधायच्या झोपडीमागे, नारळाच्या सोडणांखाली, सापडला तो पत्रा.
युद्धातल्या बोटीचा, प्रवाळकड्यावर रुतलेली ती;
पोरांना जिच्यावर त्यांनी कधी चढू दिलं नाही.
कडा एका बाजूनं घासून घासून गुळगुळीत,
शेजारी शिंपला, धार बसलेला.
सैनिक उतरले तेव्हा ते सात वर्षांचे होते.
त्याबद्दल घरात एवढंच ठाऊक,
की त्या दिवसाआधी त्यांना दोन भाऊ होते.

आणि आम्ही एकवीस वर्षं
लग्नात, बारशात, पाहुण्याला पहिला घास म्हणून
तीच बबाई वाढली. मऊ शिजायची. वर नारळाचा रस.

आता मी घासते. चिमूटभर, अमावास्येच्या आसपास.
अमावास्येचं काही कारण नाही, भरती बघायला तशीही उठावं लागतं.
या फेब्रुवारीत खारं पाणी
खड्ड्यापासून दोन वावांवर येऊन थांबलं.
थांबलं की दमलं, कोण जाणे.
पानं परत हिरवी होताहेत, कडेकडेनं.

काल घासताना मान वळवली तर ताकेई दारात,
चटई अर्धी विणलेली, ओठ हलताहेत. मोजत होती.
माझी पाठ आपोआप फिरली.
बराच वेळ तशीच राहिले, हातात पत्रा.

मग म्हटलं,
"दुसरा शिंपला आण गं. याची धार गेली."