एकेचाळीस पिशव्या

उपाशीपोटी या, म्हटलं होतं.
खर्रा नको, कांदा नको, रात्री नऊनंतर फक्त पाणी.
तरी उष्टूजीच्या गालात सुपारी सापडलीच,
त्याला उद्याचा नंबर दिला.

उपकेंद्राच्या ओसरीवर रांग,
पलीकडे बोडीत म्हशी.
नळी लावते, सांगते:
पहिली फूक वाऱ्यावर सोडा,
मागून येते ती, खालची, ती इथे भरा.
चुलीवर फुंकणी धरणाऱ्या बाया
एका दमात पिशवी टम्म करून देतात.
पुरुष खोकतात.

मागच्या साली शौचाच्या डब्या वाटल्या होत्या.
साठ दिल्या, सात परत आल्या,
एकीत शेंदूर.
श्वासाची कुणाला लाज नाही.

सायकलवाला बकाराम शहारे
पिशवी उजेडाला धरून पाहतो.
"म्हंजे टूब पान्यात बुडवाची गोष्ट हाये."
हो, तसंच.
"बुडबुडा आला तं भोक हाये.
पन भोक कोठी हाये, थे कोन पाहील?"
नागपूरला, दुर्बिणीनं.
"अन् बुडबुडाच खोटा असला तं?"
असतो कधीकधी. मशीन अजून शिकते आहे.
"माह्या दमावर शिकते, म्हना."
हसला. मग दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून
पंपासारखा वाकला
आणि भरली.

आई दोन वर्षं लालच परकर घालायची.
मूळव्याध आहे म्हणायची, ताक प्यायची.
मी तेव्हाही आशाच होते.
दारोदार विचारत फिरले,
घरात विचारलं नाही.

पाचच्या एसटीत खोकं शेजारच्या सीटवर.
काय आहे यात, कंडक्टरनं विचारलं.
हवा.
मग तिकीट कशाचं फाडू, म्हणाला,
आणि पुढे गेला.
अर्ध्या रस्त्यात परत आला, सीटच्या दांड्याला धरून उभा.
माझ्या भावाचं वजन उतरत चाललंय बाई,
रक्तही पडते म्हणतो.
त्याला आणू का फुंकायला?

फुंकायला नको, म्हटलं.
हे धडधाकट माणसांसाठी, तेही अजून पक्कं नाही.
त्याला सरळ डॉक्टरकडे ने.
उद्याच.

उद्या ड्युटी आहे, तो म्हणाला.
मग काहीच म्हणाला नाही.
घंटीची दोरी त्याच्या हातात तशीच राहिली,
आणि कुणाचा तरी थांबा
मागे निघून गेला.