अकरा सेकंद

खाली अग्निशमन बंब, वर आमची खोली.
बंब निघाला की कार्यक्रम बुडतो,
कुणी थांबवत नाही, ऐकूच येत नाही काही,
आणि गावाला तेवढ्यावरून कळतं, कुठेतरी पेटलंय.

सकाळी सात ते नऊ.
एडेल्मिरा बोलते, मी, नोल्बेर्तो, खटके वरखाली करतो.
डावा कान होडीच्या इंजिनाने खाल्ला माझा,
म्हणून मान कलती ठेवून बसतो.
लोक म्हणतात, कोंबडीसारखा.

आधी निरोप. बेटांवर फोन लागत नाहीत.
"पिचिमो बेटावरचे बाउदिलिओ,
तुमची कवळी तयार आहे. गुरुवारच्या बोटीने या.
येताना राहिलेले पैसे आणा, नाहीतर बटाटे."
"दोन्या एउफ्रासिया, लेकीला मुलगी झाली.
दोघी बऱ्या आहेत. नावावरून भांडण चालू आहे."
दिवसभर नावं सुचवणारे फोन.
कुणी विचारलं नव्हतं.

मग भरती-ओहोटीच्या वेळा.
वाचून होतात न होतात तोच रोसाल्बा:
चार मिनिटांनी चुकलात.
तिच्या खिडकीखाली एक खडक आहे,
तो कधी बुडतो त्यावरून ती सांगते.
नौदलाचं कोष्टक एकीकडे, खडक एकीकडे.
हल्ली आम्ही दोन्ही वाचतो.

त्या मंगळवारी ओसिएल आला होता, पाणबुड्या.
पाण्यात ते विष आल्याला सातवा आठवडा,
शिंपले काढायला बंदी,
धक्क्यावर रिकाम्या टोपल्या पालथ्या, त्यांवर मांजरं.
एडेल्मिराने चौकटीच्या वहीत प्रश्न आणले होते.
बंदी कधी उठणार. मदत पोचली का.
"पोचली. तेल, तांदूळ,
आणि डबाबंद शिंपले.
दुसऱ्या कुठल्या तरी समुद्रातले."
आम्ही तिघंही हसलो. ते तसंच गावभर गेलं.

मग तिने विचारलं ते वहीत नव्हतं:
तळाशी आता काय दिसतं, ओसिएल?

तो गप्प.

रेडिओवर तीन सेकंद म्हणजे बिघाड,
पाच म्हणजे कुणीतरी गेलं.
माझं बोट गाण्याच्या खटक्यावर.
का दाबलं नाही, विचारू नका,
मॅनेजरने विचारलं तेव्हाही सांगता आलं नाही.
खाली बंब पुसणारा पोरगा शीळ घालत होता,
तीही गेली, बादलीच्या आवाजासकट.

अकराव्या सेकंदाला ओसिएल म्हणाला,
"स्वच्छ आहे.
सगळे जागच्या जागी, मोठाले झालेत.
हात आपसूक पुढे जातो."
मग त्याने पाणी मागितलं.

संध्याकाळपर्यंत जो भेटला
तो त्याच्या उत्तराबद्दल बोलला नाही.
बेकरीवाली म्हणाली, वाटलं वीज गेली,
पण भट्टीचा दिवा तर लागलेला.
शाळेच्या शिपायाने बॅटऱ्या काढल्या,
जिभेला लावून पाहिल्या, परत घातल्या.
आणखी एकीने थांबवून सांगितलं,
तेवढ्यात नवऱ्याचा श्वास ऐकू आला मला,
घरघर आहे,
त्याला डॉक्टरकडे न्यायला हवं.
रोसाल्बाचा फोन: अकरा नाही. चौदा.

गुरुवारी बाउदिलिओ जिना चढून वर आला,
तोंडात नवी कवळी, खांद्यावर अर्धं पोतं बटाटे,
दवाखान्याने अर्धेच घेतले होते.
त्याला विचारलं, परवा ऐकलंत का?
"डोंगराआड गेलं म्हणालो.
आमच्याकडे रोजच जातं."

परतीची बोट वाऱ्यामुळे अडकली होती.
एडेल्मिराने माईक त्याच्याकडे सरकवला,
घरी काय सांगायचं ते तुम्हीच सांगा.
त्याने टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली,
बायकोचं पूर्ण नाव घेतलं, दोन्ही आडनावांसकट.
"उशीर होईल. कोंबड्या कोंडून घे."
प्रत्येक शब्दाआड कवळी वाजत होती,
टक्, टक्, खडकाला होडी लागावी तशी.
मी आवाज कमी करू शकलो असतो.